ओट्यावरचा माणूस आणि महापालिका

रात्री नऊच्या सुमारास बाजारपेठेतील शटरे एकेक करून खाली येतात. दिवसाचा हिशेब मिटतो, पेढीवरचा दिवा मालवला जातो आणि मालक घराची वाट धरतो. त्याच वेळी दिवसभर पोती वाहिलेला हमाल दुकानाच्या ओट्यावर आपली पथारी पसरतो. अनेक व्यापारी कुटुंबे या माणसाला नावाने ओळखतात. त्याच्या भरवशावर हजारो रुपयांचा माल इकडून तिकडे जातो. मात्र त्याचा या शहरातील पत्ता कोणालाच सांगता येत नाही, कारण त्याला पत्ताच नसतो.

2011 च्या जनगणनेत देशात सुमारे 17 लाख 73 हजार बेघर नोंदले गेले. त्यांपैकी महाराष्ट्रात सुमारे 2 लाख 11 हजार, आणि एकट्या मुंबईत 57 हजारांहून अधिक होते. त्यांत कष्टकरी आहेत, तसेच घरातून दुरावलेले वृद्ध, आजारी आणि लेकुरवाळ्या स्त्रियाही आहेत.

अशा माणसाला आसरा देण्याची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. मुंबईतील हिराबागेसारख्या धर्मशाळा दानशूरांच्या औदार्यातून उभ्या राहिल्या आणि असंख्य प्रवाशांच्या उपयोगी पडल्या. परंतु धर्मशाळा मुळात प्रवाशासाठी असते. दोन-चार दिवसांनी तो आपल्या घरी परततो. ज्याला परतायला घरच नाही, त्याची सोय केवळ दानातून होत नाही. त्यासाठी जागा हवी, पाणी व शौचालय हवे, दरवर्षीची आर्थिक तरतूद हवी आणि कायद्याचा आधार हवा. या साऱ्या गोष्टी एकत्र आणू शकणारी सर्वांत जवळची संस्था म्हणजे नगरपालिका किंवा महापालिका.

ही जबाबदारी संविधानानेही दाखवून दिली आहे. 74 वी घटनादुरुस्ती 1993 मध्ये अमलात आली. तिने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीतील 18 विषयांत रस्ते व पाणीपुरवठ्याबरोबरच झोपडपट्टी सुधारणा, नागरी दारिद्र्य निर्मूलन आणि दिव्यांगांसह दुर्बल घटकांच्या हिताचे रक्षण यांचा समावेश आहे. त्याआधी 1985 मध्ये, मुंबईतील पदपथवासीयांच्या प्रसिद्ध खटल्यात, सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील घटनापीठाने उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचा निर्वाळा दिला होता. पदपथावर राहणारा माणूस तेथे हौसेने राहत नाही, कामाच्या जवळ राहण्यावाचून त्याला गत्यंतर नसते, हे त्या निकालाने मान्य केले.

पुढे 2010 च्या जानेवारीत दिल्लीच्या कडाक्याच्या थंडीत बेघरांचे बळी गेले आणि हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात पुन्हा ऐरणीवर आला. मोठ्या शहरांत दर लाख लोकसंख्येमागे किमान एक, बारमाही आणि चोवीस तास उघडा राहणारा निवारा असावा, असा दंडक त्यातून रूढ झाला. 2013 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाने तो योजनेत उतरवला. माणशी 50 चौरस फूट जागा, पाणी, वीज, स्वच्छतागृह, स्वयंपाकाची सोय आणि प्रथमोपचार असे निकष ठरले. निवाऱ्यात राहणाऱ्याला ओळखपत्र, शिधापत्रिका, बँक खाते आणि सरकारी योजनांचा लाभ मिळवून देणे हेही त्या कामाचे अंग मानले गेले.

तरीही गणित जुळत नाही. 2011 मध्ये मुंबईची लोकसंख्या सुमारे 1 कोटी 24 लाख होती. नियमाप्रमाणे तिला सव्वाशेच्या आसपास निवारे हवेत. प्रत्येकात शंभर माणसे धरली, तर साडेबारा हजारांची सोय होते. म्हणजे नियम तंतोतंत पाळला तरी जनगणनेत मोजलेल्या दर पाच बेघरांपैकी जेमतेम एकाला छप्पर मिळते.

शिवाय निवारा बांधला म्हणजे तो वापरला जाईलच असे नाही. हमालाला पहाटेच्या गाडीचा माल उतरवायचा असतो. निवारा बाजारापासून चार कोस दूर असेल, तर तो ओटाच पसंत करील. रात्रपाळी करणाऱ्याला दिवसा झोपायचे असते. दार सकाळी बंद होत असेल, तर ते छप्पर त्याच्या काय कामाचे? म्हणूनच स्थानके, बसआगारे आणि घाऊक बाजारपेठा यांच्याजवळ निवारे असावेत, असे योजनेतही म्हटले होते. परंतु नेमक्या त्याच जागा सर्वांत महाग असतात. तिथे निवारा नको, असा आग्रह धरणाऱ्यांत कित्येकदा आपलाच बाजार पुढे असतो, हेही प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे.

व्यापारी समाजाचे कर्तव्य येथेच सुरू होते. थंडीत ब्लँकेटे वाटणे पुण्याचे आहेच. पण तेवढ्यावर थांबता येणार नाही. मालमत्ता कर भरणाऱ्या व्यापारी मंडळाला महापालिकेच्या विभाग कार्यालयात जाऊन विचारता येते की, आपल्या भागात निवारा कोठे आहे आणि अंदाजपत्रकात त्याच्यासाठी किती तरतूद आहे. निवाऱ्याचे व्यवस्थापन संस्थांकडे सोपवण्याची मुभा त्या योजनेत होती. विश्वस्त संस्थांनी भोजन, औषधोपचार आणि देखरेख यांचा भार उचलावा. इमारत व नियमित खर्च महापालिकेचा आणि आपुलकी समाजाची, अशी वाटणी झाली तर दोघांचेही काम हलके होईल. बाजारालगत निवारा होणार असेल, तर विरोधाच्या पत्रावर सही करण्यापूर्वी प्रत्येक व्यापाऱ्याने आपल्या ओट्यावर झोपणाऱ्या माणसाची आठवण करावी.

जो दिवसभर आपला माल सुरक्षित पोहोचवतो, त्याची रात्र सुरक्षित असावी, ही अपेक्षा फार मोठी नाही. ती पूर्ण करण्याचे बंधन महापालिकेवर आहे, आणि त्या बंधनाची तिला आठवण देत राहण्याचे काम आपले आहे.