विरळ गायरानाची पुनर्पेरणी

गावाच्या शिवारातील जी जमीन गुरांच्या चराईसाठी सामाईक म्हणून राखलेली असते, तिला मराठीत गायरान म्हणतात. कर्नाटकात तीच जमीन गोमाळ या नावाने आणि माळव्यात चरनोई या नावाने ओळखली जाते. नावे निराळी असली तरी तिची आजची अवस्था बहुतेक ठिकाणी सारखीच आहे. पावसाळ्यात दोन महिने हिरवी दिसणारी ही जमीन दिवाळीनंतर उघडी पडते व माघ-फाल्गुनात तेथे मुरुमाखेरीज काही उरत नाही. देशाच्या एकूण क्षेत्रापैकी कायमच्या कुरणांखाली केवळ सुमारे ३ टक्के जमीन आहे, तर २०१९ च्या विसाव्या पशुगणनेनुसार पशुधनाची संख्या ५३ कोटींहून अधिक आहे. गायरान वाढविणे आता शक्य नाही. आहे ते सुधारणे मात्र शक्य आहे, आणि त्यासाठी जमीन नांगरण्याचीही गरज नसते.

गवत विरळ का होते?

दख्खनच्या व माळव्याच्या पठारावरील मूळ गवते बहुवर्षायू आहेत. दबडघाव व शंकरनारायण यांनी १९७३ साली भारतातील तृणाच्छादनाचे जे पाच मुख्य प्रकार सांगितले, त्यांपैकी शेडा व मारवेल यांच्या कुळांचा प्रकार या सर्व प्रदेशात आढळतो. शेडा, पवन्या, मारवेल, डोंगरी ही गवते एकदा रुजली की त्यांचे ठोंब अनेक वर्षे टिकतात. उन्हाळ्यात वरचा भाग वाळला तरी मुळांत साठविलेल्या अन्नावर पहिल्या पावसाबरोबर नवे फुटवे येतात.

या फुटव्यांची पाने दोन-चार बोटे वाढतात न वाढतात तोच गुरे ती खुडतात. पान नसल्यामुळे मुळांत पुन्हा अन्न साठत नाही. असे तीन-चार वर्षे सतत घडल्यास ठोंब मरतो. जे ठोंब जगतात त्यांच्यावर बी धरण्यापूर्वीच तोंड पडते, म्हणून नवी रोपेही येत नाहीत. रिकाम्या जागेत प्रथम कुसळ, नंतर टाकळा, तरवड व गाजर गवत येते. गुरे यांतील बहुतेक वनस्पतींना तोंड लावीत नाहीत. त्यामुळे चांगले गवत घटते आणि निरुपयोगी वनस्पती वाढत जातात.

आधी मोजणी, मग पेरणी

गायरानाची स्थिती नजरेने ठरविणे फसवे असते. आषाढात सगळेच हिरवे दिसते. यासाठी एक सोपी रीत आहे. शंभर हात लांबीची दोरी घेऊन तिला हातहातभर अंतरावर शंभर गाठी माराव्यात. ऑक्टोबरमध्ये ती गायरानावर ताणून प्रत्येक गाठीखाली बहुवर्षायू गवताचा ठोंब आहे, हंगामी तण आहे की उघडी जमीन आहे, याची नोंद करावी. अशा आठ-दहा ठिकाणच्या नोंदींची सरासरी काढावी. शाळेच्या वरच्या वर्गांतील मुले हे काम एका दुपारी करू शकतात, आणि गणित व निसर्गविज्ञान या दोन्ही विषयांचा तो उत्तम पाठ होतो.

ढोबळ मानाने, निम्म्याहून अधिक गाठींखाली ठोंब असल्यास बी पेरण्याची गरज नसते. एक-दोन पावसाळे चराई बंद ठेवली तरी गवत आपोआप भरून येते. पाव ते निम्म्या गाठींखाली ठोंब असल्यास उभ्या गवतातच वरून बी पेरावे. त्याहून कमी असल्यास समपातळीत सऱ्या काढून सर्व क्षेत्र नव्याने लावावे लागते. येथे मुख्यतः दुसऱ्या प्रकाराचा विचार केला आहे.

बियाण्याची निवड व परीक्षा

भारी व मध्यम जमिनीत मारवेल, हलक्या व उताराच्या जमिनीत शेडा, पवन्या व डोंगरी, तर कमी पावसाच्या रेताड भागात अंजन ही गवते योग्य ठरतात. त्यांच्या जोडीला स्टायलो ही द्विदल चारावनस्पती घ्यावी. ती मुरमाड जमिनीतही तग धरते, हवेतील नत्र जमिनीत स्थिर करते आणि चाऱ्यातील प्रथिनांचे प्रमाण वाढविते. याविषयीचे मार्गदर्शन झाशी येथे १९६२ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय चरागाह व चारा संशोधन संस्थेकडून मिळू शकते. या संस्थेचे एक प्रादेशिक केंद्र धारवाड येथे आहे.

गवताचे बी फार हलके व तुसाळ असते. पुष्कळदा तुसाच्या आत दाणाच नसतो. म्हणून थोडे बी तळहातावर चोळून दाणा भरला आहे का ते पाहावे आणि शंभर बिया ओल्या फडक्यात ठेवून किती उगवतात ते मोजावे. ताजे बी काही महिने सुप्तावस्थेत असते. त्यामुळे यंदाच्या दिवाळीत काढलेले बी कोरड्या जागी ठेवून पुढील मृगात वापरावे. स्टायलोच्या बियांचे कवच कठीण असते. ते बी सुमारे ८० अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्यात चार-पाच मिनिटे ठेवून लगेच थंड पाण्यात काढावे व सावलीत सुकवावे.

उभ्या गवतात पेरणीसाठी हेक्टरी ३ ते ४ किलो गवताचे व २ ते ३ किलो स्टायलोचे बी पुरेसे होते. उगवण फार कमी असल्यास त्या मानाने बी वाढवावे.

पेरणीची पद्धत

बी नुसते फेकल्यास ते जुन्या काडीकचऱ्यावर अडकते, वाऱ्याने उडते किंवा मुंग्या वाहून नेतात. बी मातीला चिकटले तरच रुजते. म्हणून वैशाखात गाजर गवत, टाकळा व तरवड मुळासकट काढून टाकावेत. वळवाच्या पावसाने जमीन मऊ झाली की उघड्या जागा कुळवाच्या किंवा कुदळीच्या साहाय्याने उताराला आडव्या दिशेने बोटभर खरवडाव्यात. जिवंत ठोंब मात्र हलवू नयेत. उतारावरील माती त्यांनीच धरून ठेवलेली असते.

बियांच्या गोळ्या करणे हा सर्वांत खात्रीचा उपाय होय. एक भाग बी, एक भाग शेण, एक भाग बारीक वाळू व तीन भाग चिकण माती पाण्यात मळून हरभऱ्याएवढ्या गोळ्या कराव्यात व सावलीत वाळवाव्यात. बेळगाव परिसरात जूनच्या पहिल्या पंधरवड्यात व माळव्यात पाऊस उशिरा येत असल्याने जूनच्या उत्तरार्धात त्या खरवडलेल्या जागी टाकाव्यात. बी एक सेंटिमीटरहून खोल जाऊ देऊ नये. पेरणीनंतर मेंढ्यांचा कळप त्या जागेवरून एकदा फिरवून नेल्यास बी मातीत दाबले जाते. उन्हाळ्यात त्याच जागी मेंढ्या बसविल्या असतील तर लेंडीखतही मिळते.

खर्च शक्य असल्यास हेक्टरी २० किलो स्फुरद, म्हणजे सुमारे १२५ किलो सिंगल सुपर फॉस्फेट, पेरणीच्या वेळी द्यावे. रोपे रुजल्यानंतर महिन्याने ४० किलो नत्र, म्हणजे सुमारे ८७ किलो युरिया, दोन हप्त्यांत विभागून द्यावा.

राखण: खरी कसोटी

येथवरची सर्व कामे एका महिन्यात संपतात. पुढील काम अधिक कठीण आहे. नवे रोप पहिल्या पावसाळ्यात इतके नाजूक असते की गुराने गवत ओढताच ते मुळासह उपटून येते. त्यामुळे पहिले वर्ष चराई पूर्ण बंद ठेवावीच लागते.

ही बंदी सर्वांना सारखी जाचत नाही. ज्याच्या बांधावर गवत व गोठ्यात कडबा आहे, त्याला ती जाणवतही नाही. ज्याच्याजवळ चार शेळ्या आहेत आणि गुंठाभरही जमीन नाही, त्याच्या घरातील मीठ-मिरची गायरानावर अवलंबून असते. संपूर्ण गायरान एकदम बंद केल्यास अशी कुटुंबे रात्री शेळ्या आत सोडणारच, आणि त्यांना दोष देता येणार नाही. म्हणून गायरानाचे तीन भाग करून दरवर्षी एकच भाग बंद करावा. बंद भागातील गवत बी गळून पडल्यानंतर, कार्तिकाच्या सुमारास, जमिनीपासून चार बोटे ठेवून विळ्याने कापावे व कापणीचा पहिला हक्क भूमिहीन पशुपालकांना द्यावा. हा नियम ग्रामसभेत पेरणीपूर्वी ठरलेला असावा.

दुसऱ्या वर्षापासून गवत फुलोऱ्यावर असताना कापल्यास चारा अधिक पौष्टिक मिळतो. तीनही भाग तयार झाल्यावर गुरे आळीपाळीने चारावीत व पावसाळ्याचे पहिले सहा आठवडे कोठेही सोडू नयेत.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. ओसाड दिसणाऱ्या गायरानावर अतिक्रमण लवकर होते. जगपालसिंग विरुद्ध पंजाब राज्य या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २८ जानेवारी २०११ रोजी गावांच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे हटविण्याविषयी सर्व राज्यांना निर्देश दिले. कायद्याचा आधार आहेच. तथापि ज्या जमिनीतून दरवर्षी भाऱ्यांनी गवत निघते, तिच्यावर साऱ्या गावाची नजर असते आणि तिची हद्द सहसा सरकत नाही. तलाठी, ग्रामसेवक व शिक्षक यांनी या ऑक्टोबरमध्ये गाठींची दोरी घेऊन एकदा गायरानावर जावे. मोजणीचा आकडा ग्रामसभेच्या फळ्यावर लिहावा आणि पुढील ऑक्टोबरमध्ये त्याच्या शेजारी दुसरा आकडा लिहिता येईल, अशी तरतूद करावी.