धबधब्याकाठचा पॅरिश

लान-ऱ्हायाद्र-अम-मोखनांट. वेल्समधल्या या गावाचं नाव देवनागरीत नीट उतरत नाही. जीभ ‘ल’च्या जागी टेकवून नुसती हवा फुंकली, की त्यातला पहिला उच्चार निघतो. अर्थ मात्र सरळ आहे : मोखनांट मुलखातलं धबधब्याकाठचं चर्च. त्या चर्चच्या अखत्यारीतला मुलूख म्हणजे हा पॅरिश.

वेल्सच्या बर्विन डोंगरातून एक ओढा सुमारे 73 मीटर खाली कोसळतो. तोच धबधबा म्हणजे पिस्टिल ऱ्हायाद्र. 1854 साली इथे आलेल्या जॉर्ज बॉरो या लेखकाच्या डोळ्यांत धबधब्यामधली खडकाची कमान खुपली होती. फोटोत तरी मला तीच सर्वांत आवडते!

खाली त्या ओढ्याची ऱ्हायाद्र नदी होते. 1166 मध्ये पोविस या जुन्या राज्याच्या राजघराण्यात वाटण्या झाल्या, तेव्हा मोखनांटचे नदीच्या अलीकडचं आणि पलीकडचं असे दोन तुकडे पडले. पुढे तीच रेघ डेन्बीशायर आणि मॉन्टगोमरीशायर या परगण्यांची हद्द झाली, आणि एकाच गावातले शेजारी कित्येक पिढ्या दोन परगण्यांत नांदले. सगळं गाव पोविस याच नावाच्या आजच्या परगण्यात आलं ते थेट 1996 मध्ये.

पण पर्यटक धबधबा बघून परततात, तेव्हा गावातली खरी मोठी गोष्ट त्यांच्याकडून राहून जाते. 1578 मध्ये विल्यम मॉर्गन इथे धर्मगुरू म्हणून आले. केंब्रिजमध्ये शिकलेले, हिब्रू-ग्रीक जाणणारे. गावातल्या एका बड्या असामीशी त्यांचं वैर जुंपलं, प्रकरण कोर्टात गेलं; झग्याखाली ते पिस्तूल बाळगत, असं सांगतात. या धामधुमीतच त्यांनी बायबल वेल्शमध्ये आणलं. त्याआधी 1536 च्या कायद्यानं वेल्समधल्या कोर्टकचेऱ्यांत इंग्रजी बसवली होती. 1563 च्या कायद्यानं मात्र बायबल वेल्शमध्ये करण्याचा हुकूम दिला. त्यातला नवा करार मॉर्गन इथे येण्याआधीच, 1567 मध्ये, निघाला होता; त्यांचा संपूर्ण ग्रंथ आला 1588 मध्ये. लंडनच्या छापखान्यात वेल्श कुणाला येत नव्हती, म्हणून मॉर्गन वर्षभर तिथे मुद्रितं तपासत राहिले. कचेरीतून हद्दपार झालेली भाषा दर रविवारी चर्चमध्ये मोठ्यानं वाचली जाऊ लागली, आणि पुढच्या वेल्श लेखकांना प्रमाण भाषा मिळाली ती याच ग्रंथातून.

1904 मध्ये इथे रेल्वे आली; प्रवासी गाड्या 1951 मध्ये थांबल्या. आता रस्त्यानंच जावं लागतं. धबधबा गावापासून चार मैलांवर आहे, आणि रस्ता तिथेच संपतो. येताना-जाताना याच गावातून जावं लागतं. चर्चपाशी जरा थांबा.