अठरा पूर्ण झाली, आता उपचारांचं काय?

मैत्रिणींनो, मुलाला अठरा वर्षं पूर्ण झाली की घरात केवढी लगबग असते! मतदारयादीत नाव घालायचं, वाहन चालवण्याचा परवाना काढायचा, बँकेत ‘अज्ञान’ म्हणून उघडलेलं खातं त्याच्या स्वतःच्या सहीवर करून घ्यायचं. ज्या घरात मुलाच्या किंवा मुलीच्या मनाच्या आजारावर उपचार चालू असतात, तिथे आणखी एक खातं बदलायचं असतं. ते असतं दवाखान्यातलं, आणि त्याची आठवण सहसा कुणी करून देत नाही.

“वय वाढलं की सुटेल”, “लग्न झालं की ठिकाणावर येईल” असं आपण किती सहज म्हणतो. प्रत्यक्षात आयुष्यात जडणाऱ्या मानसिक आजारांपैकी सुमारे निम्मे वयाच्या १४ व्या वर्षापर्यंत आणि पाऊण हिस्सा २४ व्या वर्षापर्यंत सुरू होतात. म्हणजे नैराश्य असो, मंत्रचळ असो की आणखी काही, उपचारांची सर्वांत जास्त गरज असते ती नेमकी या दहा वर्षांत. आणि उपचार तुटण्याची भीतीही याच दहा वर्षांत जास्त!

दोन दारं, आणि मधला जिना

इंग्लंडमध्ये मुलांच्या मानसिक आरोग्याची सेवा वेगळी आणि मोठ्यांची वेगळी. अठराच्या सुमारास मुलानं एका दारातून निघून दुसऱ्या दारात जायचं असतं. तिथला २०१० साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास सांगतो की, दुसऱ्या दारापर्यंत जी मुलं पोचली, त्यांच्यातही ज्यांची सोपवणूक सर्व बाजूंनी नीट झाली अशी शंभरात पाचसुद्धा नव्हती.

तुम्ही म्हणाल, आपल्या सोलापुरात हा प्रश्न कुठे आहे? इथे बहुतेक वेळा दहा वर्षांच्या मुलाला आणि साठ वर्षांच्या आजोबांना एकच मानसोपचारतज्ज्ञ तपासतात. खरं आहे. पण उपचार आपल्याकडेही तुटतात, फक्त तुटण्याची जागा वेगळी.

बारावी होते. शाळेत ज्या बाई त्याला समजून घेत होत्या त्या मागे राहतात. मुलगा सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसनं पुण्याला कॉलेजला जातो, वसतिगृहात राहतो. घरी रात्रीच्या जेवणानंतर आई गोळी हातावर ठेवायची. तिथे खोलीतल्या मित्रांपुढे गोळ्यांची पट्टी काढायची लाज वाटते. एक दिवस राहतो, मग आठवडा राहतो. काही दिवस बरंही वाटतं, म्हणून त्याला वाटतं आता गरजच नाही. परीक्षा जवळ आल्यावर झोप उडते, तेव्हा आईला फोन येतो, आणि कधी कधी तोही येत नाही.

सरकारी योजनांचीही मर्यादा असते. शाळा-अंगणवाडीत तपासणी करणारा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम १८ वर्षांपर्यंत, तर किशोरवयीनांसाठीची ‘मैत्री’ क्लिनिकं १० ते १९ वयापर्यंत. पुढची वाट ज्यानं त्यानं शोधायची.

आणखी एक गोष्ट आपल्या गावची. विडी वळणारी किंवा कारखान्यात जाणारी आई एका दिवसाची मजुरी सोडून मुलाला सिव्हिलच्या ओपीडीत घेऊन येते. घरी तेलुगू किंवा कन्नड, शाळेत मराठी. आजार कधी सुरू झाला, कोणत्या गोळीनं अंगावर पुरळ आलं, कोणत्या गोळीनं गुण आला, हा सगळा इतिहास तिच्या डोक्यात असतो, कागदावर नसतो. मूल गाव सोडतं तेव्हा तो इतिहास घरीच राहतो. आपल्याकडची सोपवणूक दोन दवाखान्यांमधली नाहीच; ती आईकडून मुलाकडे व्हायची असते.

कायदा काय म्हणतो?

मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ साली झाला आणि २९ मे २०१८ पासून अमलात आला. त्यात अठरा या आकड्याला फार महत्त्व आहे. अठराच्या आतल्या मुलाला रुग्णालयात दाखल करताना पालकांनी अर्ज करायचा असतो, त्याला मोठ्यांपासून वेगळं ठेवायचं असतं, आणि पालकानं किंवा त्यांनी नेमलेल्या माणसानं पूर्ण वेळ सोबत राहायचं असतं. दाखल असतानाच अठरा पूर्ण झाली, तर तो ‘स्वतंत्र रुग्ण’ ठरतो. मग संमती त्याची स्वतःची.

म्हणून एके दिवशी डॉक्टर तुम्हाला म्हणतील, “आई, तुम्ही जरा बाहेर बसा.” वाईट वाटून घेऊ नका. रुग्णाची गोष्ट गुप्त ठेवणं हे आता त्यांचं कर्तव्य आहे. मात्र जिवाला धोका असेल तर सांगण्याची मोकळीक कायद्यानं ठेवली आहे. आणि तुम्ही घरी जे पाहता ते डॉक्टरांना सांगायला कुठलीच आडकाठी नाही, हे पक्कं लक्षात ठेवा.

कायद्यानं एक चांगली सोयही दिली आहे. सज्ञान व्यक्तीला आपला ‘नामनिर्देशित प्रतिनिधी’ नेमता येतो. साध्या कागदावर लिहून सही किंवा अंगठा केला, आणि नेमलेल्या सज्ञान माणसानं लेखी होकार दिला की झालं. आई, मावशी, मोठा भाऊ, ज्याच्यावर भरवसा असेल तो. हा कागद मूल बरं असताना, शांतपणे बसून करावा. त्यानं तुमच्याऐवजी मावशीचं नाव लिहिलं तर रुसू नका हं!

सोळाव्या वर्षापासून सुरुवात

सोळावं लागलं की मुलाला मित्रासारखं वागवावं, असं जुनी माणसं सांगत. या कामालाही तेच वय बरं.

१. फाईल करा. आजाराचं नाव, सुरू झाल्याचं वर्ष, आतापर्यंतची औषधं, त्यांचे डोस, न सोसलेली औषधं, जुन्या चिठ्ठ्या. डॉक्टरांकडून एक पानी सारांश मागून घ्या. आपले कागद मागण्याचा हक्क रुग्णाला कायद्यानं आहे. एक प्रत घरी, एक मुलाजवळ.

२. डॉक्टरांशी आधी त्याला बोलू द्या. तुम्ही नंतर बोला.

३. गोळ्यांचा डबा त्याच्या हाती द्या. आधी तुमच्या नजरेसमोर, मग आठवड्यातून एकदा पाहून, मग नुसतं विचारून.

४. परगावी जायचं ठरलं की प्रवेशाच्या धावपळीतच तिथला डॉक्टर ठरवा. पहिली भेट इथली औषधं संपायच्या आत व्हावी. तोवर इथल्या डॉक्टरांचा धागा सोडू नका.

५. आजार उलटण्याच्या खुणा दोघांनी मिळून लिहा. झोप कमी होणं, जेवण टाकणं, फोन न उचलणं. त्या दिसल्या की कुणाला सांगायचं तेही लिहा.

मुलींच्या आयांसाठी

अपस्मारात आणि मनःस्थितीच्या टोकाच्या चढउतारांच्या आजारात सोडियम व्हॅल्प्रोएट नावाचं औषध दिलं जातं. गरोदरपणात ते चालू राहिलं तर बाळाला जन्मजात व्यंग आणि पुढे बौद्धिक वाढीत अडचणी येण्याचा धोका मोठा असतो. तेव्हा मुलगी वयात आली की डॉक्टरांना याविषयी विचारा. लग्न ठरेपर्यंत थांबू नका. परस्पर औषध बंद मात्र करू नका. आणि स्थळं पाहायला लागल्यावर गोळ्या लपवायच्या किंवा सोडायला लावायच्या, ही चाल तर मुलीच्या जिवावरच बेतू शकते.

ज्यांचं मूल स्वमग्न आहे, किंवा ज्याला बौद्धिक अक्षमता, सेरेब्रल पाल्सी वा बहुविकलांगता आहे, त्यांची वाट निराळी. अठरानंतर आईवडील आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत. राष्ट्रीय न्यास कायदा, १९९९ प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक स्तर समितीकडे पालकत्वासाठी अर्ज करावा लागतो.

रात्री-अपरात्री अडलं, तर १४४१६ हा टेलि-मानसचा क्रमांक फोनजवळ लिहून ठेवा. १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेली ही सरकारी सेवा फुकट आहे, चोवीस तास आहे, आणि मराठीबरोबर तेलुगू-कन्नडमध्येही बोलता येतं. मुलाच्या फोनमध्येही तो असू द्या.

दहावी-बारावीच्या गुणपत्रिका आपण प्लास्टिकच्या पिशवीत घालून किती जपून ठेवतो! त्याच कपाटात, त्याच कप्प्यात ही फाईलही ठेवा. आणि ती कुठे आहे ते मुलाला माहीत असू द्या.