डक हंट: जुनी बंदूक, नवा टीव्ही

जन्म : टीव्हीवर बंदुकीने बदके टिपण्याचा हा खेळ निन्तेन्दो कंपनीचा; जपान, एप्रिल १९८४. अमेरिकेत १९८५. याच नावाचे, भिंतीवर बदके उमटवणारे खेळणे कंपनीने १९७६ मध्येच काढले होते.

आपल्याकडे : नव्वदीत नक्कल केलेल्या 'टीव्ही गेम'सोबत, पिवळ्या कॅसेटमधून.

नियम : फेरीत १० बदके, प्रत्येक खेपेस ३ गोळ्या. एकाच बदकाच्या खेळात दुसऱ्या रिमोटने बदक उडवता येते. हे फार थोड्या पोरांना ठाऊक होते.

नेम कसा कळतो : बंदुकीतून काहीच सुटत नाही, नळीत प्रकाश ओळखणारा डोळा असतो. चाप ओढताच पडदा क्षणभर काळा होतो, मग बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो. आधी अंधार, मग उजेड दिसला तरच बदक पडते. म्हणून बल्बवर नेम धरून फसवणूक जमत नाही. दोन बदके असली की चौकोन एकामागून एक येतात.

एलईडीवर का चालत नाही : पिक्चर ट्यूब चित्र तत्क्षणी रेखाटते. एलईडी टीव्ही आधी चित्रावर प्रक्रिया करतो. चौकोन उमटेपर्यंत बंदुकीची तपासणी संपलेली असते. बंदूक बिघडलेली नसते.

फरक : इथे खेळाडू जागेवरच उभा. 'डूम' (१९९३) आणि 'गोल्डनआय ००७' (१९९७) या नंतरच्या नेमबाजीच्या खेळांत तो बंदूक घेऊन हिंडतो.

आज खेळायचे तर : कुणाच्या माळ्यावर ट्यूबचा चालू टीव्ही असेल, तर तो भंगारात देऊ नका. मूळ बंदूक त्याच्यावरच चालते.