कोंबड्यांची पैदास, प्रदर्शनीय व घरगुती

कोंबड्यांच्या एखाद्या जातीचे जे लेखी वर्णन संवर्धकांच्या संस्थेने मान्य केलेले असते, त्याला त्या जातीचे मानक म्हणतात. या मानकाबरहुकूम पक्षी तयार करण्यासाठी केलेली पैदास ती प्रदर्शनीय पैदास. परसात अंड्यांसाठी वा केवळ हौसेखातर ठेवावयाच्या कोंबड्यांची पैदास ती घरगुती पैदास. व्यवहारात दोन्ही प्रकारचे पक्षी पुष्कळदा एकाच खुराड्यात, एकाच जोडीपासून निपजतात. पिले वाढल्यावर त्यांतील थोडी प्रदर्शनासाठी राखली जातात व उरलेली ‘पाळीव दर्जाची’ म्हणून विकली जातात. हा दर्जा केवळ बाह्य रूपाचा असतो. पक्ष्याचे आरोग्य, त्याची अंडी घालण्याची क्षमता किंवा पैदाशीतील त्याची उपयुक्तता यांविषयी त्यावरून काहीच ठरत नाही.

इंग्लंडमध्ये १८३५ च्या कायद्याने कोंबड्यांच्या झुंजींवर बंदी आली आणि झुंजीचे पक्षी जोपासणाऱ्यांचे लक्ष हळूहळू प्रदर्शनांकडे वळले. १८४५ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहोद्यानात व १८४९ मध्ये अमेरिकेत बॉस्टन येथे कोंबड्यांची प्रदर्शने भरली. याच सुमारास चीनमधून आलेल्या धिप्पाड कोचीन कोंबड्यांनी दोन्ही देशांतील लोकांना वेड लावले. या वेडाचा उपहासपूर्ण इतिहास जॉर्ज बर्नहॅम यांनी १८५५ मध्ये लिहिला. ते स्वतःच या व्यापारात आघाडीवर होते, हे विशेष. परीक्षकांची मते जुळेनात, तेव्हा लेखी मानकाची गरज भासली. ब्रिटनमधील पहिले मानक १८६५ मध्ये डब्ल्यू. बी. टेगेटमायर यांच्या संपादनाखाली निघाले. चार्ल्स डार्विन यांना कोंबड्या व कबुतरे यांविषयी माहिती पुरविणारे ते हेच. अमेरिकन पोल्ट्री असोसिएशन ही संस्था १८७३ मध्ये स्थापन झाली व तिचे मानक १८७४ मध्ये प्रसिद्ध झाले.

मानकात वजन, शरीराचा आकार, तुरा, पिसाऱ्याचा रंग, पायांचा रंग इत्यादींचे वर्णन असते. उदा., अमेरिकन मानकानुसार प्लिमथ रॉक जातीच्या पूर्ण वाढलेल्या नराचे वजन सु. ४·३ किग्रॅ. व मादीचे सु. ३·४ किग्रॅ. असावे, एकेरी तुऱ्याला पाच दाते असावेत. दोष दोन प्रकारचे मानतात. काहींमुळे गुण कमी होतात, तर काहींमुळे पक्षी सरळ बाद ठरतो. एकेरी तुऱ्याला बाजूने फुटलेला कोंब, एका अंगाला वळलेली शेपटी, तसेच ज्या जातीचे पाय उघडे असावयाचे तिच्या पायांवर उगवलेले पिसाचे खुंट हे दुसऱ्या प्रकारचे दोष होत. असा खुंट प्रदर्शनापूर्वी उपटून टाकण्याची लबाडी प्रदर्शनांइतकीच जुनी असावी. बाद ठरलेली कोंबडी अंडी मात्र पूर्वीप्रमाणेच घालते.

रूप व आनुवंशिक मूल्य यांतील तफावत पट्टेदार प्लिमथ रॉकमध्ये विशेष स्पष्ट दिसते. पिसांवर आडवे पांढरे पट्टे उमटविणारे जनुक लिंगसूत्रावर असते. पक्ष्यांत नराला अशी दोन सूत्रे असतात व मादीला एकच. त्यामुळे शुद्ध जातीच्या नरात या जनुकाच्या दोन प्रती असतात. त्याचे पांढरे पट्टे रुंद होतात व तो मादीपेक्षा फिका दिसतो. प्रदर्शनात मात्र नर व मादी सारख्याच छटेचे असावेत, अशी अपेक्षा रूढ झाली. निसर्गाला नामंजूर असलेली ही अट पुरी करण्यासाठी पैदासकारांनी दोन स्वतंत्र वंश राखले. योग्य छटेचे नर हवे असल्यास अशा नरांचा संयोग अपेक्षेपेक्षा गडद माद्यांशी करीत. योग्य छटेच्या माद्या हव्या असल्यास अशा माद्यांना फिके नर देत. या पद्धतीस दुहेरी पैदास म्हणतात. पहिल्या वंशातील माद्या व दुसऱ्या वंशातील नर मान्य छटेत बसत नसत. पण पारितोषिक मिळविणाऱ्या पक्ष्याची आई किंवा बाप त्यांच्यातीलच असे. अशी गडद तलंग ‘पाळीव दर्जाची’ म्हणून विकणाऱ्याने आपल्या वंशाचा आधारच विकला, असे म्हणावे लागेल.

अँडलूझियन जातीचेही असेच आहे. तिचा मान्य रंग निळसर करडा. परंतु निळ्या जोडीची संतती सरासरीने एक काळे, दोन निळी व एक पांढुरके ठिपकेदार या प्रमाणात निपजते. काळा व ठिपकेदार हे दोन्ही पक्षी मानकात बसत नाहीत, तरी त्यांच्या परस्पर संयोगापासून होणारी सर्व पिले निळी असतात. वायनडॉट जातीत गुलाब तुरा आवश्यक असतो. ज्या नरात या तुऱ्याच्या जनुकाच्या दोन प्रती असतात त्यांची प्रजननक्षमता कमी असते. म्हणून एकेरी तुऱ्याचे जनुक सुप्त स्वरूपात बाळगणारे नर अधिक पिले देतात आणि निवड करूनही एकेरी तुऱ्याची पिले निघतच राहतात. आखूड पायांच्या जपानी बँटम (चाबो) जातीत पाय आखूड करणारे जनुक दोन्हीकडून आल्यास गर्भ अंड्यातच मरतो. आखूड पायांच्या जोडीची सरासरी चौथाई अंडी याप्रमाणे वाया जातात. जोडीतील एक पक्षी लांब पायांचा, म्हणजेच प्रदर्शनास अपात्र असल्यास ही हानी टळते. [→ आनुवंशिकी].

एखादे लक्षण ताणत नेल्याने जातीची हानी झाल्याची उदाहरणे आहेत. काळी स्पॅनिश कोंबडी मोठ्या पांढऱ्या अंड्यांसाठी नावाजलेली होती. चेहऱ्यावरील पांढरी त्वचा वाढविण्याच्या नादात ती नाजूक झाली व तिचा प्रसार ओसरला. पोलिश जातीच्या मोठ्या शेंडीखाली कवटीला उंचवटा येतो व त्यात छिद्रे राहतात, हे डार्विन यांनीही नोंदविले आहे. शिवाय हव्या त्या लक्षणांसाठी जवळच्या नात्यात संयोग केले जातात. सख्ख्या भावंडांच्या किंवा बाप-लेकीच्या संयोगात अंतःप्रजननाचा गुणांक २५ टक्के येतो. असे संयोग पिढ्यान्‌पिढ्या चालू राहिल्यास अंडी कमी फळतात, कमी उबतात व पिले दुबळी होतात. चांगला पैदासकार म्हणून अनेक कुटुंबे वेगळी राखतो. एकाच बक्षीसपात्र कोंबड्यावर सारा भार टाकीत नाही.

घरगुती पैदाशीत माणसाळलेला स्वभाव, काटकपणा व दीर्घ काळ अंडी देणे यांना महत्त्व असते आणि ते योग्यच आहे. परंतु निवड मुळीच न केल्यास जात टिकत नाही. सिल्की जातीची रेशमासारखी पिसे अप्रभावी जनुकामुळे येतात. साध्या पिसांच्या कोंबड्याशी संयोग होताच पहिल्याच पिढीत ती नाहीशी होतात. अमेरिकेच्या टपाल खात्याने १९१८ मध्ये एक दिवसाची पिले स्वीकारण्यास सुरुवात केली व मोठी उबवणूक केंद्रे दूरवर माल धाडू लागली. त्यांची निवड अंड्यांची संख्या व फलन यांवर असल्याने त्यांच्या पक्ष्यांत जातीचे नाव राहिले, पण बांधा पुष्कळदा हलका झाला. दोन्ही प्रकारच्या पैदाशींत एक अडचण समान आहे. पिलांपैकी सु. निम्मे नर असतात आणि घरगुती ग्राहकास ते नको असतात. त्यांतील बहुतेकांची वाट स्वयंपाकघराकडेच जाते.

भारतातील असील ही मूळची झुंजीची जात. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधील कॉर्नवॉल येथे तिच्या संकरातून ‘इंडियन गेम’ ही जात निर्माण झाली. अमेरिकेत तिला कॉर्निश म्हणतात व तिच्या पांढऱ्या वंशाचा आजच्या मांसल (ब्रॉयलर) कोंबड्यांच्या निर्मितीत मोठा वाटा आहे. रुंद छाती व आखूड पाय यांच्या अतिरेकामुळे प्रदर्शनीय इंडियन गेममध्ये नैसर्गिक संयोग कठीण होऊन बसला आहे. भारतात कर्नाल येथील राष्ट्रीय पशू आनुवंशिक संसाधन ब्यूरो देशी जातींची नोंदणी करतो. असील व कडकनाथ यांचा तीत समावेश आहे. या नोंदणीत त्या त्या प्रदेशात प्रत्यक्ष आढळणाऱ्या पक्ष्यांचे वर्णन असते, पारितोषिकासाठी ठरविलेल्या आदर्श पक्ष्याचे नव्हे. [→ कुक्कुटपालन].