जिथे डुकराच्या शिकारीलाच बंदी आहे

रानडुकरांचा उपद्रव वाढला, की चावडीवर एकच बोलणे निघते, "सरकारने बंदुका मोकळ्या कराव्यात. दोन महिन्यांत जंगल साफ होईल." रात्ररात्र मचाणावर बसून, डबे बडवूनही ज्याचा मका नि भुईमूग हातचा गेला, त्याच्या तोंडी हे बोल यावेत यात नवल नाही. पण अमेरिकेतील मिझुरी राज्यात हौशी शिकाऱ्यांच्या बंदुका चालून झाल्या आहेत, आणि आज तेथील सरकारी जंगलात डुकराच्या शिकारीलाच बंदी आहे. ती डुकरांच्या कळवळ्याने घातलेली नाही. डुकरे संपावीत म्हणून घातलेली आहे!

अमेरिकेत डुक्कर मुळचे नव्हेच. १५३९ साली डी सोटो हा स्पॅनिश सरदार फ्लॉरिडात उतरला, तो बरोबर डुकरे घेऊन. पुढे पाळीव डुकरे सुटून रानात वाढली, आणि शिकारीच्या हौसेखातर युरोपातून आणलेले रानडुक्कर त्यांत मिसळले. मिझुरीत शिकारीसाठी डुकरे पाळण्याची टूम निघाली ती १९९० नंतरच्या दशकात. त्यांतली काही निसटली, काही हौशी मंडळींनी मुद्दाम सोडली. म्हणजे शिकार मिळावी म्हणून आधी जंगलात डुक्कर पेरायचे! पिकाची नासाडी मात्र शेजारच्या शेतकऱ्याची.

दुसरी अडचण कळपाची. डुकरिणी नि पिले एकत्र हिंडतात. शिकाऱ्याने बार टाकला, की एखाददुसरे पडते आणि उरलेली दहा दिशांना पांगतात, नव्या शेतांत शिरतात. ती शहाणीही होतात. माणसाचा वास आला की पिंजऱ्याकडे फिरकत नाहीत. मादी वर्षाच्या आत वितीला येते आणि एका वेळी पाच-सहा पिले देते. तेव्हा निम्मा कळप मारला तरी ती तूट भरून यायला वेळ लागत नाही.

म्हणून तेथील खात्याने सारा कळप एकदम धरायचे ठरवले. लोखंडी जाळीचे मोठे गोल आवार उभारायचे, आत मका टाकायचा, डुकरे निर्धास्त होईपर्यंत काही दिवस दार उघडेच ठेवायचे. कॅमेऱ्यात सारा कळप आत दिसला, की दार पाडायचे. हे चालू असताना कोणी कुत्री घेऊन रानात शिरला, तर केलेली मेहनत पाण्यात.

सप्टेंबर २०१६ अखेरपासून राज्याच्या वन्यजीव खात्याच्या जमिनींवर ही बंदी आली. २०२० मध्ये मार्क ट्वेन राष्ट्रीय वनातही ती लागू झाली. हे जंगल सुमारे १५ लाख एकरांचे. हरणाच्या नि टर्कीच्या हंगामात परवाना घेऊन गेलेल्या शिकाऱ्यासमोर डुक्कर आले, तर काही अटींवर मारता येते, एवढीच सूट. शिकारी मंडळींनी बराच आरडाओरडा केला. खाजगी जमिनीवर मालकाला डुक्कर मारता येते. पण खाते म्हणते, आधी आम्हाला कळवा, पिंजरा लावायला मदत करू.

आपल्याकडची गोष्ट निराळी, हे विसरून चालणार नाही. आपले रानडुक्कर येथलेच. वाघ-बिबट्यांचे ते भक्ष्य. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ साली दुरुस्ती झाली, तेव्हापासून ते दुसऱ्या अनुसूचीत आहे. उभ्या पिकाला धोका असेल, तर कलम ११ खाली मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी नेमलेला अधिकारी कारणे नोंदवून लेखी परवानगी देऊ शकतो. परवानगीवाचून मारणे गुन्हा, मग ते स्वतःच्या शेतात का असेना. बेकायदा मारलेले जनावर सरकारी मालमत्ता ठरते. मांस वाटून घेणारेही अडकतात.

कुंपणात घरची वीज सोडणाऱ्यांना तर हात जोडून सांगावेसे वाटते. डुक्कर मरायचे तेव्हा मरेल, पण पहाटे पाण्याची पाळी धरायला निघालेला आपला किंवा शेजारचा माणूस त्या तारेला लागून गेल्याच्या बातम्या दरवर्षी येतात. नुकसान झाले, की नांगरलेले शेत तसेच ठेवून वनरक्षकाला लगेच कळवावे, पंचनामा करून घ्यावा आणि भरपाईचा अर्ज द्यावा. गावातल्या दहा-बारा जणांनी मिळून अर्ज दिले, तर कळप कोणत्या वाटेने येतो हेही खात्याला एका कागदावर दिसते.