व्यापारी गणराज्ये, इटालियन : डावपेचांच्या खेळांतील
मध्ययुगीन इटलीतील व्हेनिस, जेनोआ, पिसा इ. सागरी व्यापारी गणराज्ये पटावरील व संगणकावरील डावपेचांच्या खेळांत स्वतंत्र पक्ष म्हणून आढळतात. खेळाडू अशा एका पक्षाची सूत्रे हाती घेऊन त्याचा कोश, आरमार, व्यापार व परराष्ट्रसंबंध सांभाळतो. अशा बहुतेक खेळांची रचना राजा, त्याचे घराणे व त्याचा प्रदेश या तीन कल्पनांवर आधारलेली असते. या गणराज्यांचे सामर्थ्य मात्र प्रदेशविस्तारापेक्षा बंदरे, जहाजे, परकीय राजांकडून मिळविलेल्या सवलती आणि पत यांत होते. त्यामुळे त्यांना खेळात यथार्थ स्थान द्यावयाचे, तर केवळ ध्वज व नाव बदलून भागत नाही. खेळाचे नियमच काही अंशी बदलावे लागतात. हा बदल कोणी कितपत केला, यावरून त्या त्या खेळाने इतिहासाचा कोणता अर्थ लावला आहे, हे ध्यानात येते.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : प्रारंभीच्या काळात पुढे असलेले अमाल्फी शहर पिसाने ११३५ व ११३७ मध्ये लुटले आणि त्याचे महत्त्व ओसरले. व्हेनिसला १०८२ च्या सनदेने बायझंटिन साम्राज्यात जकातमाफी मिळाली. पुढे डोज (निर्वाचित प्रमुख) एन्‍रीको दांदोलो याच्या नेतृत्वाखाली व्हेनिसने चौथ्या धर्मयुद्धात भाग घेतला आणि १२०४ मध्ये कॉन्स्टँटिनोपल पडल्यानंतर क्रीटसह अनेक मोक्याची ठाणी मिळविली. याला उत्तर म्हणून जेनोआने १२६१ मध्ये निंफीअम येथे मायकेल पॅलिऑलोगस याच्याशी तह केला. त्याच वर्षी बायझंटिनांनी कॉन्स्टँटिनोपल परत जिंकले आणि जेनोआला काळ्या समुद्राचा मार्ग खुला झाला. क्रिमियातील काफा हे बंदर पुढे जेनोईज व्यापाराचे मोठे केंद्र बनले. मेलोरिया येथील १२८४ च्या आरमारी लढाईत जेनोआने पिसाचे सामर्थ्य खच्ची केले. पिसा १४०६ मध्ये फ्लॉरेन्सच्या ताब्यात गेले.

व्हेनिस व जेनोआ यांच्यात तेराव्या व चौदाव्या शतकांत चार मोठी युद्धे झाली. कुर्झोलाच्या लढाईत (१२९८) व्हेनिसचा दारुण पराभव झाला, तथापि युद्धाचा निर्णय लागला नाही. अखेरच्या युद्धात जेनोआने १३७९ मध्ये खाजणाच्या दक्षिण टोकावरील कियोज्जा शहर घेतले व खुद्द व्हेनिस धोक्यात आले. तेव्हा तुरुंगात असलेल्या व्हेत्तोर पिसानी या सेनानीला लोकाग्रहास्तव मुक्त करण्यात आले. त्याने खाड्यांत जहाजे बुडवून जेनोईज आरमाराची कोंडी केली. कार्लो झेनो याचे आरमार पूर्वेकडून येऊन पोहोचल्यावर जून १३८० मध्ये कोंडलेल्या सैन्याने शरणागती पत्करली. तूरिनच्या तहाने (१३८१) युद्ध संपले, ते दोन्ही पक्ष थकले म्हणून. एकाने दुसऱ्याला नामशेष केले म्हणून नव्हे.

राज्यव्यवस्थांतील भेद : दोन्ही नगरांत ‘कोमेंदा’ या प्रकारचा करार रूढ होता. त्याच्या एका प्रचलित रूपात भांडवल देणारा घरी राही, प्रवासी व्यापारी माल घेऊन जाई आणि नफ्याचा तीन-चतुर्थांश हिस्सा पहिल्यास व एक-चतुर्थांश दुसऱ्यास मिळे. अल्प भांडवलाच्या माणसासही यामुळे सागरी व्यापारात उतरता येई. याखेरीज दोहोंत फारसे साम्य नव्हते. व्हेनिसमध्ये राज्यसंस्था श्रेष्ठ होती. महामंडळाचे सभासदत्व १२९७ पासून ठराविक घराण्यांपुरते मर्यादित होत गेले. डोजची निवड चिठ्ठ्या व मतदान यांच्या अनेक फेऱ्यांतून ठरलेल्या ४१ निर्वाचकांकडून होई. कोणा एका घराण्याने पद बळकावू नये, हा त्यामागील हेतू होता. चौदाव्या शतकापासून व्यापारी गॅली जहाजे राज्याच्या गोदीत बांधली जात व त्यांच्या सफरींचे हक्क लिलावाने दिले जात. जेनोआत याउलट दोरिया, स्पिनोला, फिएस्की, ग्रिमाल्दी इ. घराण्यांचे कलह राज्यसंस्थेला वरचढ ठरत. सिमोने बोकानेग्रा हा १३३९ मध्ये पहिला डोज झाला, तरी कलह थांबले नाहीत. १३९६ मध्ये नगराने फ्रान्सच्या राजाचे आधिपत्य पत्करले. राज्य दुबळे असले, तरी राज्याला कर्ज देणारे दुबळे नव्हते. खिऑस बेट जिंकण्यासाठी खर्च करणाऱ्या जहाजमालकांच्या भागीदार संस्थेकडे त्या बेटाचा महसूल व कारभार गेला आणि १५६६ मधील तुर्की विजयापर्यंत तिच्याकडेच राहिला. १४०७ मध्ये स्थापन झालेल्या सान जॉर्जो या कर्जरोखेधारकांच्या संस्थेकडे तर १४५३ मध्ये कॉर्सिकाचा कारभार सोपविण्यात आला.

खेळांतील रूपे : पटावरील खेळांपैकी १९७७ मध्ये प्रसिद्ध झालेला ‘मॅकियाव्हेली’ हा उल्लेखनीय आहे. ‘डिप्लोमसी’ (१९५९) या खेळाप्रमाणे यातही खेळाडू गुप्तपणे लेखी हुकूम देतात व ते एकाच वेळी अमलात येतात. त्यात द्रव्याची भर घालून लाचलुचपत, मारेकरी, दुष्काळ व साथीचे रोग यांचाही समावेश केलेला आहे. पैशाने शत्रूचे सैन्य फोडता येते, ही त्या काळाच्या भाडोत्री सैन्यांशी जुळणारी गोष्ट होय. मात्र त्यातील आठ सत्तांत व्हेनिस, फ्लॉरेन्स व मिलान आहेत, जेनोआ नाही.

‘मर्चंट प्रिन्स’ (१९९४) या संगणकीय खेळात वेगळी दृष्टी दिसते. येथे खेळाडू व्हेनिस राज्य चालवीत नाही. तो व्हेनिसमधील एका व्यापारी घराण्याचा प्रमुख असतो आणि त्याचे प्रतिस्पर्धीही त्याच नगरातील असतात. डोजपद हे त्यांच्या चढाओढीतील एक बक्षीस ठरते.

प्रदेशजयावर भर देणाऱ्या खेळांत गणराज्यांचे वेगळेपण बरेच पुसले जाते. ‘मिडीव्हल : टोटल वॉर’ (२००२) यात सर्व इटालियन नगरांचा एकच पक्ष केलेला आहे. त्याच्या २००६ च्या दुसऱ्या खेळात व्हेनिस व मिलान हे स्वतंत्र पक्ष आहेत. जेनोआ शहर प्रारंभापासून मिलानच्या ताब्यात दाखविले असून जेनोईज आडधनुर्धारी मिलानच्या सैन्यात येतात. व्हेनिसच्या डोजलाही राजाप्रमाणे वंशवृक्ष व वारस दिलेला आहे. ज्या पदाला वंशपरंपरेपासून जपण्यासाठी एवढी किचकट निवडपद्धती योजली गेली, ते पद खेळात वारसाहक्काचे होते. ‘एज ऑफ एम्पायर्स २’ या खेळाच्या २०१३ च्या पुरवणीतही ‘इटालियन’ हा एकच समूह असून त्याचे खास सैनिक जेनोईज आडधनुर्धारी आहेत.

‘सिव्हिलिझेशन ५’ या खेळाच्या २०१३ च्या पुरवणीत व्हेनिससाठी मूळ नियमालाच अपवाद केला आहे. दांदोलोच्या नेतृत्वाखालील या पक्षाला नवी नगरे वसविता येत नाहीत. त्याऐवजी त्याला दुप्पट व्यापारी मार्ग मिळतात आणि विशेष व्यापारी पाठवून लहान नगरराज्ये द्रव्यबळावर अंकित करता येतात. एका नगराने द्रव्याच्या जोरावर इतरांवर वर्चस्व गाजवावे, ही कल्पना यात नेमकी साधली आहे.

घराण्यांचा इतिहास रंगविणाऱ्या ‘क्रूसेडर किंग्ज २’ (२०१२) यात प्रारंभी गणराज्ये खेळता येत नव्हती. ‘द रिपब्लिक’ या २०१३ च्या पुरवणीने ती उणीव भरून काढली. प्रत्येक व्यापारी गणराज्यात पाच कुलीन घराणी असतात. खेळाडू त्यांपैकी एकाचा प्रमुख असतो, किनाऱ्यांवर वखारी घालतो व निवडणुकीत पैसा ओततो. निवडणूक हरली तरी खेळ संपत नाही. हा साचा जेनोआच्या इतिहासाला विशेष जवळचा आहे. परंतु तोच व्हेनिसलाही लावल्याने घराण्यांना वेसण घालणारी तेथील राज्यसंस्था दिसेनाशी होते.

‘युरोपा युनिव्हर्सालिस ४’ (२०१३) याचा प्रारंभ १४४४ मध्ये होतो. त्यात व्यापाराचे ओघ ठरलेल्या दिशेने वाहतात आणि व्हेनिस व जेनोआ ही, इंग्लिश खाडीप्रमाणेच, त्यांची अखेरची स्थाने आहेत. पूर्वेकडील संपत्ती अखेर कोणाच्या पेठेत पोहोचणार, हा या नगरांच्या स्पर्धेचा गाभा त्यातून कळतो. तथापि हे ओघ उलटत नसल्याने व्यापारमार्ग माणसांच्या निर्णयांनी बदलत होते, हे मात्र कळत नाही.

मूल्यमापन : या खेळांनी अनेक वाचकांना काफा, खिऑस यांसारख्या स्थळांची प्रथम ओळख करून दिली, हे मान्य करावयास हवे. त्यांच्या मर्यादा दोन आहेत. पहिली म्हणजे, जित प्रदेश हा खेळात उत्पन्नाचा आकडा ठरतो. क्रीटमध्ये व्हेनिसविरुद्ध वारंवार उठाव झाले आणि १३६३ मध्ये तर करांच्या ओझ्यामुळे तेथील व्हेनेशियन वसाहतकारच ग्रीक रहिवाशांसह बंडास उभे राहिले. असा समाज त्या आकड्यात मावत नाही. दुसरी मर्यादा विजयाच्या कल्पनेची आहे. खेळात ठाणी गमावणारा पक्ष मागे पडतो. प्रत्यक्षात कियोज्जानंतर व्हेनिस अधिक सुस्थिर राहिले व मुख्य भूमीवर विस्तारले. जेनोआची पूर्वेकडील ठाणी एकामागून एक गेली, काफा १४७५ मध्ये तुर्कांनी घेतले. तरीही सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात जेनोईज सावकार स्पेनच्या राजाचे प्रमुख धनको बनले. नकाशावर रंग आक्रसत असताना नगराच्या नागरिकांची पत वाढत होती. नकाशावरील रंगाने यश मोजणाऱ्या खेळात या इतिहासाला जागा मिळत नाही, आणि जेनोआचा पक्ष इतक्या खेळांत गाळला गेला वा दुय्यम राहिला, यामागील एक कारण हेच असावे.